एक्केचाळीस सह्या

नागसेन मला कधीच आवडला नाही. मास्तर झाल्यापासून तो ज्याला त्याला पुरावा विचारत फिरतो. त्या दिवशी समाजमंदिरात भरल्या बैठकीत त्यानं मलाच विचारलं, "काका, तुमच्याजवळच्या सह्या खऱ्या हायेत कशावरून?"

माझं डोकंच फिरलं. एकतीस वर्षं मी बँकेच्या खिडकीत बसून सह्या जुळवल्या. सख्ख्या मेव्हण्याची सही जुळेना म्हणून त्याची स्लिप परत केली, तर तो अजून माझ्या दारात पाय ठेवत नाही. सह्या गोळा करायचा नाद मला तिथंच लागला. पुढारी, नट, पैलवान, सगळे माझ्या अल्बमात आहेत. पण माझा जीव आहे तो शाहीर हिंमतरावांच्या एक्केचाळीस सह्यांवर. हिंमतराव आमच्या धामणगाव बढ्याचे. मोताळा तालुक्यात त्यांचा जलसा झाला नाही अशी वस्ती शोधून सापडायची नाही. 'पोरी पाटी घे' हे त्यांचं गाणं ऐकून आमच्या कितीतरी बायांनी हट्टानं पोरी शाळेत घातल्या. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. आता समाजमंदिराच्या मागच्या खोलीत त्यांचं स्मृतिदालन होणार होतं. भिंतीवर संगमरवरात कोरलेलं ते गाणं, आणि समोर काचेच्या कपाटात माझ्या नावानिशी माझा संग्रह.

आणि नेमकं त्याच बैठकीत नागसेननं खिशातून एक कागद काढला. त्याची आई भिमाबाई पंचवीस वर्षं शाहिरांच्या मागं कोरसला उभी असायची. कागदावर लिहिलं होतं, 'पोरी पाटी घे हे गाणं भिमाचं आहे. मी फक्त गायलो.' खाली सही, हिंमतराव. नागसेनचं म्हणणं होतं, दगडावर आईचं नाव कोरा.

कागद बघताच मला हसू आलं. शाहिरांची सही एका दमात धावणारी, 'व'चा शेवट झोकात मागं वळवून नावाखाली रेघ ओढणारी. इथं प्रत्येक अक्षरापाशी पेन उचललेलं, जोर देऊन कागद फाटायच्या बेतात आलेला. नक्कल करणारा माणूस असाच थांबत थांबत लिहितो.

"हे तू लिहलं का तुह्या मायनं?" मी विचारलं.

"काका, तोंड सांभाळा!" तो माझ्या अंगावर आला. चौघांनी धरलं म्हणून बरं. शेवटी अध्यक्ष कारभारींनी ठरवलं, माणिकरावांनी, म्हणजे मी, कागद नीट तपासावा आणि रविवारी निकाल द्यावा. त्यांचा शब्द शेवटचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिमाबाई काठी टेकत एकटीच माझ्या घरी आली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"जय भीम, भाऊ. तुमच्याजवळच्या सह्या दाखवता का?" ती म्हणाली.

मी अल्बम तिच्यापुढं टाकला. ती सावकाश पानं उलटत राहिली. एका सहीवर तिनं बोट ठेवलं. "हे मलकापूरची. त्या दिवशी भाकर टाकता टाकता माहा हात भाजला होता. म्हनून रेघ तुटली पाहा."

"तुमचा हात? त्याचा इथं काय संबंध?"

तिनं टेबलावरचं माझं पेन उचललं आणि पेपरच्या कोऱ्या कडेवर लिहिलं, हिंमतराव. एका दमात. 'व' झोकात मागं वळला, नावाखाली रेघ आली. मग त्याच्याखाली परत एकदा.

"शाहिराले लिहता येत नव्हतं, भाऊ," ती म्हणाली. "साऱ्या वस्तीले शिका म्हनून सांगे, अन् सोताले अक्षर येत नाई, हे लोकाईले कसं सांगनार? तुम्ही वह्या माह्याचजवळ देत ना? ते पडद्यामागं चहा पेत बसत, मी सह्या करू लागली. मंग बिमार पडले तवा मले म्हने, भिमा, मले शिकव. आठ महिने शिकले. त्यानं जन्मात लिहला तो एवढाच कागद."

बँकेतला पहिला नियम असा की नमुना सही माणसाकडून आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यायची. नव्या पोरांना हे मी शेकडो वेळा सुनावलं होतं. आणि शाहिरांच्या हातात पेन मी एकदाही पाहिलं नव्हतं. वही पडद्याआड जायची, सही होऊन यायची, आणि मी ती छातीशी धरून घरी यायचो.

लाज वाटायला हवी होती. मला राग आला, आणि तोही तिचाच.

"मग सांगा ना गावाले!" मी ओरडलो. "शाहीर अडाणी होते म्हणून सांगा!"

"ते मी नाई सांगनार. नागसेनालेबी सांगतलं नाई. तुम्ही फक्त म्हना, बिमारीत हात थरथरे, म्हनून सही अशी आली. कागद खरा हाये. तुमच्या सह्यायले कोनी हात लावनार नाई." तिनं हात जोडले. "गानं माहं हाये, भाऊ. मले दुसरं काई नको."

किती सोपी वाट तिनं मला काढून दिली होती! एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललो असतो तर नागसेन जिंकला असता, आणि मी जन्मभर कोणाच्या सह्या पूजत आलो ते मला रोज आठवलं असतं. मी तिला म्हटलं, रविवारी बघू.

रविवारी समाजमंदिरात मी भिंग घेऊन गेलो, अल्बम टेबलावर उघडा ठेवला आणि पंधरा मिनिटं बोललो. पेन कुठं उचललंय, दाब कुठं पडलाय, 'व' कसा फसलाय. इतका चांगला मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. शेवटी म्हणालो, "कागद खोटा आहे."

"माय, तू काऊन चूप आहे? सांग ना काई!" नागसेन कळवळून म्हणाला.

भिमाबाईनं भिंतीवरच्या शाहिरांच्या फोटोकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"साहेबाईले जास्त समजते," ती म्हणाली.

परवापर्यंत मी भाऊ होतो. ठराव झाला, गाण्याखाली शाहिरांचं नाव. रजिस्टर सह्यांसाठी फिरत फिरत तिच्यापुढं आलं. मी पेन पुढं केलं, तसा तिचा हात पेनाकडं गेला आणि मध्येच थांबला. शेजारीच माझा अल्बम उघडा पडला होता. तिच्या नावातला 'म' त्या सह्यांतल्या 'म'शेजारी आला असता, आणि नागसेन तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"शाईचं पॅड द्या," ती म्हणाली.

"माय, तुले तर लिहता येते!" नागसेन ओरडला. मागं कोणीतरी हसलं. साऱ्या तालुक्याच्या पोरींना पाटी घ्यायला लावणाऱ्या बाईनं डावा अंगठा पॅडवर दाबला, रजिस्टरवर उठवला आणि पदराला पुसला. मग रजिस्टर माझ्याकडं सरकवून म्हणाली, "घ्या साहेब, तपासा. हा तरी माहा हाये का नाई, ते सांगा साऱ्याईले."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी खाली मान घालून म्हणालो, "तुमचाच आहे." तिच्याबद्दल त्या बैठकीत मी बोललेलं तेवढंच खरं होतं.