दोनशे व्होल्टपर्यंत

बारकी काही लहान नव्हती, चांगली बत्तीस वर्षांची इंजिनियर. पण कंपनीत सगळ्यांत बुटकी, म्हणून साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे बारकीच म्हणत. मोटरचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह तिथे बनत आणि ड्राइव्हच्या मेंदूला वीज पुरवणारा छोटा पॉवर सप्लाय बारकीचा. तेच ड्राइव्ह सूतगिरणीत होते, आणि त्याच गिरणीत तिची आई सव्वीस वर्षं तुटलेलं सूत जोडत होती.

वीज दोन सेकंद जरी गेली तरी ड्राइव्ह माना टाकायचे. सूत गुंडाळणाऱ्या चात्या वाटेल तशा थांबायच्या, धागे तटातट तुटायचे. मग बसा दिवसभर जोडत! संध्याकाळी बोटं इतकी आखडायची की आईला स्वतःच्या झंपरची बटणं काढता येत नसत, ती बारकी काढायची. वर आईच लेकीला म्हणायची, दमली असशील. तेच जास्त लागायचं.

साहेबांनी फर्मान काढलं, वीज साठवणारे कपॅसिटर मोठे बसवा. बसवले, तर ड्राइव्हच्या डब्याचं झाकण लागेना. बारकीने आठवडाभर आकड्यांत डोकं घातलं आणि एका दुपारी कपाळावर हात मारला. अगं, वीज गेली तरी चात्या फिरतच असतात की! ड्राइव्हने मोटर जरा हळू केली तर तीच मोटर उलटी वीज देते. पण हळू करणारा मेंदू जागा हवा ना. आणि त्याला वीज देणारा सप्लाय एक नंबरचा भित्रा, ड्राइव्हच्या आतलं व्होल्टेज चारशेखाली आलं की दुकान बंद. म्हणजे खोट तिच्याच कामात. तिने ते साहेबांना सरळ सांगून टाकलं.

मग सप्लायमधल्या ट्रान्सफॉर्मरची तार नव्याने गुंडाळणं आलं. अकरा जळाले. बारावा दोनशे व्होल्टवरही गुमान चालत राहिला. साहेब म्हणाले, गिरणीत एकदा चाचणी. सूत तुटलं तर बॅटऱ्या बसवू आणि तुझं डिझाइन भंगारात. बारकी हो म्हणाली.

गिरणीतल्या ड्राइव्हमध्ये नवे सप्लाय बसले आणि सकाळी दहाला गिरणीच्या मुकादमाने मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले, पंखे गळाठले. सवयीने चाळीस बायकांचे हात धाग्यांकडे गेले. चात्यांचा आवाज उतरला, पण सगळ्यांचा मिळून, एका सुरात. एक सेकंद. दोन. स्विच वर गेला, दिवे आले, आवाज पुन्हा चढला. आणि चाळीस जणींचे हात तसेच हवेत, कारण जोडायला काही नव्हतंच.

मुकादम ओळीओळीने फिरून आला. “एकही नाही,” तो म्हणाला. साहेबांनी चष्मा पुसला, परत घातला आणि बारकीच्या पाठीवर अशी थाप दिली की ती दोन पावलं पुढे गेली. तिला रडू फुटलं आणि हसूही, दोन्ही एकदमच.

आई गर्दीतून वाट काढत आली. लेकीकडे न बघता ती थेट मुकादमासमोर उभी राहिली.

“सरका. आता मी ओढते.”

मुकादम सरकला. आईने पदर खोचला, दोन्ही हातांनी स्विच धरला आणि भर पाळीत गिरणीची वीज स्वतःच्या हातांनी बंद केली.