हळदीआधीचा खडा

मरियमबीच्या मूत्रनळीत खडा अडकला आणि रोल्ला वस्तीतल्या तिच्या अख्ख्या इमारतीला सल्ले फुटले. आखातातल्या उन्हात खड्यांना काय तोटा!

दुसऱ्या मजल्यावरचा वासिफ म्हणाला, "खाला, बाहेरून लाटांचे धक्के घ्या. आत काही घालायची भानगडच नाही."

शेजारच्या हाफिजाने नाक मुरडलं. "माझ्या नवऱ्याला तीनदा दिले धक्के, तरी महिनाभर तुकडे पडत होते. दुर्बीण घालून लेझर मारा, एका दिवसात खलास!"

घाई होतीच. तीन आठवड्यांनी रत्नागिरीत नात इनायाचं लग्न. नवरीला पहिली हळद आजीने लावायची, हा घरचा रिवाज. मरियमबीने चार महिने आधीच तिकीट काढून ठेवलं होतं.

डॉक्टर रामेश्वरांनी सीटी स्कॅन दाखवला. "खडा दहा मिलीमीटरचा, कडक, आणि अगदी खाली. धक्क्यांनी एका बैठकीत फुटेलच असं नाही, आणि तुकडे पडायला आठवडे जातात. दुर्बिणीने बहुतेक एकदाच काम होतं. लघवीच्या वाटेनेच जायचं, कुठे कापायचं नाही. आत बारीक नळी ठेवू, आठवड्याने काढू."

"धक्केच द्या," मरियमबी म्हणाली. "नारळ काय आतून फोडतात?"

"अम्मी, लग्न चुकेल!" सून फिरदोस कळवळली.

"चुकू दे."

फिरदोस चपापली. लग्नासाठी जीव टाकणारी ही बाई, आणि चुकू दे? सासूने ओढणी हनुवटीपर्यंत ओढली होती. 'लघवीची वाट' ऐकल्यापासून तिने डॉक्टरांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर," फिरदोस हळूच म्हणाली, "हे काम करणारी कुणी लेडी डॉक्टर आहे?"

"आहेत ना. डॉक्टर ईश्वरी. गुरुवारी येतात."

मरियमबीची मान झटकन वर आली आणि सुनेकडे वळली. "मग हे आधी विचारायला तोंडात काय खजूर धरला होतास?"

गुरुवारी खडा निघाला, पुढच्या आठवड्यात नळी. इमारतीत मरियमबी सांगत सुटली, "मी तर पहिल्यापासून म्हणत होते, दुर्बीणच बरी!" वासिफने गुपचूप मान हलवली. वाद घालायची हिंमत कुणाची?

रत्नागिरीत इनायाच्या गालाला पहिली हळद आजीनेच लावली. बोटाला उरलेली तिने फिरदोसच्या गालाला पुसली.

"नजर चांगली आहे गं तुझी," ती पुटपुटली, "जीभच तेवढी उशिरा चालते."