कप्तानाचं तिसरं बटण

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी कप्तानाला कोट घट्ट झाला आणि तिथून मास्तरांचे दिवस फिरले. मास्तर म्हणजे मालिकेचे शिंपी. शंभर वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या कादंबरीवरची मालिका, त्यामुळे नऊ पितळी बटणांचा लांबलचक कोट आलाच. तो नटाला छातीवर काचायला लागला, म्हणून मास्तरांनी तिसरं बटण जरा सरकवायला उसवलं. तेवढ्यात नटाला कॅमेऱ्यापुढे बोलावलं आणि तो तसाच पळाला. बटण मास्तरांच्या खिशात राहिलं.

दुपारी ते सुई-दोरा घेऊन गेले, तर फोटोवालीनं हात धरला. मागच्या दृश्याशी पुढचं जुळतंय ना, हे फोटो काढून तपासणं हे हिचं काम.

"पहिल्या दृश्यात बटण नाहीये, मास्तर. आता शेवटपर्यंत नाही."

एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं? पण प्रेक्षकांनी पत्रं धाडली, की बटण गेलं कुठे. मालिकेच्या लेखकानं लगेच तसलंच एक बटण नायिकेच्या गळ्यातल्या साखळीत अडकवलं. प्रकाशकानं कादंबरीची नवी आवृत्ती काढून तिच्यात बटणाचं अख्खं प्रकरण घुसडलं. मूळ कादंबरीकार बिचारा कधीचा वर गेलेला, तक्रार कोण करणार? चांगली शिकलीसवरली माणसं शर्टाचं तिसरं बटण तोडून रस्त्यानं हिंडायला लागली.

मास्तरांना याचं हसूच आलं असतं. पण घरी आई होती, ब्याऐंशी वर्षांची. हिनं शिलाई मशीनवर चार पोरं वाढवली, मास्तरांना पहिलं काज हिनंच शिकवलं. पहिला भाग संपल्यावर ती म्हणाली, "नऊ बटणं धड लावता येत नाहीत तुला?" आणि तिनं बोलणं टाकलं. लावू देत नाहीत गं, असं मास्तरांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. कोण ऐकतंय? ताट वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. असे आठ महिने गेले. आई या वयाची, आणि दिवस असे फुकट चाललेले. 

शेवटच्या भागात कप्तान लढाईत मरतो. मेलेल्या माणसाचं आणखी काय बिघडणार, असं म्हणत मास्तरांनी फोटोवाली चहाला गेल्याचं साधलं आणि जमिनीवर पडलेल्या नटाच्या कोटाला बटण लावलं, चांगलं दुहेरी दोऱ्यानं. नटानं एक डोळा उघडून बघितलं आणि तो परत मेला.

भाग लागला त्या संध्याकाळी आई टीव्हीला नाक लावून बसली. बटण दिसलं, तशी तिची मान हलली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ती तोंड उघडणार, एवढ्यात निवेदक गरजला, "हा कप्तान नव्हेच! खरं बटण नायिकेच्या गळ्यात आहे. हा कोणी तोतया. खरा कप्तान जिवंत आहे आणि त्याच्या कोटाला बटण लागणार नाही. पाहा, नवे दोनशे भाग."

मास्तर बोटांवर महिने मोजायला लागले. दोनशे भाग आणि आईचं वय, पुढचा विचार त्यांना करवेना.

आईनं टीव्ही बंद केला आणि ती मास्तरांकडे वळली.

"म्हणजे बटण ते लोकच लावू देत नाहीत?"

"आई, मी आठ महिने दुसरं काय सांगतोय?"

"तू सांगत होतास रे. टीव्हीवर आज सांगितलं."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. आई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"तोतयाचं मात्र छान लावलंस," ती म्हणाली. "चल, जेवायला बस. आठ महिन्यांचं बोलायचं साचलंय."