लॅव्हेल प्रुडोमच्या खांद्यांवरचं कवच

मी लॅव्हेल प्रुडोमच्या खांद्यांवरचं कवच बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, बोलता बोलता माझा आवाज चढेल. चढू द्या. इतकी वर्षं मी धक्के खाल्ले आणि ब्र काढला नाही.

माझ्यासारखी कवचं कारखान्यातून ढिगानं बाहेर पडतात. कडक प्लास्टिकच्या दोन कमानी, त्यांच्याखाली स्पंजाच्या गाद्या, छातीवर दोऱ्या आणि काखेखालून पट्टे. अमेरिकेतल्या टोलिडो शहराच्या ग्लासमेन संघाच्या सामानघरात मी इतरांसारखाच एका खुंटीवर लटकत होतो. एके दिवशी सामानघर सांभाळणारा वेन्डेल स्टुकी एका नव्या खेळाडूला घेऊन आला. लुइझियानाच्या ओपेलूसस गावचा, काळा, बुटका, आणि मान कुठे संपते अन् खांदा कुठे सुरू होतो ते कळू नये असा.

"हे घालून बघ," वेन्डेल म्हणाला. "घट्ट होतंय?"

"होतंय. पण असू दे. सैल कपड्यात मला पळता येत नाही, म्हाताऱ्या."

"म्हातारा कोणाला म्हणतोस रे? अजून पन्नाशी गाठली नाही मी."

"मग गाठ की. मी आहे इथेच."

तो लॅव्हेल. त्या दिवसापासून त्यानं दुसरं कवच अंगाला लावलं नाही. दर उन्हाळ्यात नवीकोरी कवचं यायची, हलकी, चकचकीत. लॅव्हेल त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. माझा पट्टा तुटला की वेन्डेल जाड सुईनं तो शिवून द्यायचा.

आमच्याकडे फुटबॉल म्हणतात तो चेंडू हातात धरून पळायचा खेळ. समोर म्हशीएवढी माणसं भिंत करून उभी असतात. लॅव्हेलचं काम एकच होतं. चेंडू पोटाशी धरायचा, डोकं खाली घालायचं आणि त्या भिंतीत शिरायचं. फट सापडली तर पलीकडे मोकळं रान. नाही सापडली तर चार जण अंगावर, आणि त्यांच्या खाली आम्ही दोघं. तिथे खाली, त्या ढिगाऱ्यात, त्याचा श्वास मला ऐकू यायचा. ढिगारा उठला की तोही उठायचा. बरगडी दुखत असली तरी चेहऱ्यावर दाखवायचा नाही, पण ती दुखतेय हे मला कळायचं. मी तिच्यावरच तर बसलेला असायचो.

संघ जिंकत होता तो त्याच्याच जिवावर. काही सुचेना की चेंडू लॅव्हेलला. पाऊस आला, लॅव्हेलला. बर्फ पडला, लॅव्हेलला. पुढे असलो तर वेळ काढायला लॅव्हेल, मागे असलो तर वाचवायला लॅव्हेल. टोलिडोत लहान मुलांच्या पाठीवर त्याचा नंबर, हॉट डॉगच्या दुकानात त्याचा फोटो. ओपेलूससहून त्याची आई अर्नेस्टीन बर्फात घालून बूदँचा, म्हणजे भात-मांस भरलेल्या तिखट सॉसेजचा, डबा पाठवायची. तो अख्ख्या संघात वाटला जायचा आणि सगळ्यांच्या बोटांना तिखट वास लागायचा.

मग लॅव्हेलला तिसावं लागलं.

तीस! इतर कुठल्या धंद्यात तिसाव्या वर्षी माणसाला म्हातारा म्हणतात, मला सांगा. डॉक्टर तिसाव्या वर्षी शिकून बाहेर पडतो. पण लॅव्हेलचा करार त्या हंगामात संपत होता, आणि तो वाढवावा की नाही यावर सगळं गाव बोलायला लागलं. कपडे बदलायच्या खोलीत रेडिओ चालू असायचा. त्यावर बडी क्रुशेव्स्की नावाचा एक गृहस्थ रोज दुपारी लोकांचे फोन घ्यायचा.

"माल झकास होता, कबूल," बडी म्हणायचा. "पण डब्यावरची तारीख बघा की, मंडळी! उलटून गेली. नासलेलं दूध कोण विकत घेतं?"

आणि लोक हसायचे. याच लोकांनी त्याच्या नावानं घसे फोडले होते. मी खुंटीवर होतो, नाहीतर त्या रेडिओवर जाऊन आदळलो असतो. लॅव्हेल बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मान वर केली नाही, पण एकच नाडी तो पुन्हा पुन्हा सोडून बांधत राहिला.

एका सकाळी संघाचा जनरल मॅनेजर ग्रेग हॅल्व्हर्सन स्वतः खाली आला. लॅव्हेलनं त्याच्याकडे दोन वर्षं मागितली होती. दुसरीकडे जास्त मिळालं असतं, पण त्याला हे गाव सोडायचं नव्हतं.

"लॅव्हेल, तू आमच्या घरचा माणूस आहेस," हॅल्व्हर्सन म्हणाला.

"घरच्या माणसाला 'हंगाम संपल्यावर बघू' म्हणतात का, ग्रेग?"

"हे माझं मत नाही रे. आकडे बघ ना." त्यानं हातातला टॅबलेट पुढे केला. "या रेषेत तू किती वेळा चेंडू घेऊन धावलास ते आहे. इतका वापर झाल्यावर पाय उतरणीला लागतात. सगळ्यांचेच लागतात."

लॅव्हेलनं त्या रेषेवरून बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाला, "आणि इतक्या वेळा तो चेंडू माझ्या हातात दिला कोणी?"

 हॅल्व्हर्सननं लॅव्हेलचा खांदा थोपटला आणि तो गेला. मी विचारतो, हा कुठला न्याय? घोड्याला तुम्हीच दौडवायचं, मग तो फार दौडला म्हणून तुम्हीच नाक मुरडायचं?

पण जुन्या करारात एक कलम होतं. शेवटच्या हंगामात लॅव्हेल हजार यार्ड धावला, तर करार आपोआप एक वर्ष वाढणार. ते हॅल्व्हर्सननंच घातलेलं. या वयात हजार कोण धावतंय, अशी त्याची खात्री होती.  लॅव्हेल धावायला लागला.

त्याच हंगामात त्याची जागा घ्यायला टायरिक ओडम नावाचा नवा गडी आणला होता. विजेसारखा वेगवान, पण भिंतीसमोर गोंधळणारा. लॅव्हेलनं त्याला जवळ केलं. "माणसांच्या तोंडाकडे बघू नकोस," तो सांगायचा, "कमरेकडे बघ. तोंड खोटं बोलतं." स्वतःची जागा घेणाऱ्याला असं कोण शिकवतं? लॅव्हेल शिकवायचा, कारण त्याला खेळ वाईट झालेला बघवत नसे.

हंगामाचा शेवटचा सामना उजाडला तेव्हा हजाराला अकरा यार्ड कमी होते. अकरा! लॅव्हेलसाठी म्हणजे दोन-तीन धावा. टोलिडोत बर्फ भुरभुरत होता आणि मैदान तुडुंब भरलं होतं. बडीच्या रेडिओमुळे तो आकडा शाळकरी पोरांनाही पाठ होता.

कोच डनहॅम खोलीत आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "लॅव्हेल, आज तुला विश्रांती."

"मी थकलोय असं कधी म्हणालो मी?"

"पुढच्या फेरीत आपण गेलोच आहोत. तुला जपायचंय."

"कोच, माझ्याकडे बघून बोला."

डनहॅमनं मान वर केली. "वरून आलंय," तो हळूच म्हणाला. "मला काय वाटतं ते विचारू नकोस."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि मला तर पायच नाहीत. आठ हंगाम तापात, सुजेत, मोडक्या बोटानं या माणसाला पळवलं, तेव्हा कोणाला त्याची विश्रांती सुचली नव्हती. आज सुचली!

लॅव्हेलनं तरीही मला चढवलं, दोऱ्या ओढून घट्ट केल्या आणि तो बाकावर जाऊन बसला. टायरिक धावत होता, संघ पुढे होता. शेवटच्या टप्प्यात एका कोपऱ्यातून आवाज सुरू झाला, "लॅव्हेल! लॅव्हेल!" तो पसरत सगळ्या मैदानभर झाला. वर काचेआडच्या खोलीत हॅल्व्हर्सन बसला होता. खाली लॅव्हेल गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, आणि त्याचं काळीज माझ्या गादीवर दणदण आपटत होतं.

तेवढ्यात टायरिक बाहेर आला आणि कोचच्या पायाशी धपकन बसला.

"काय झालं?"

"पोटरीत गोळा आला, कोच."

"कुठल्या पोटरीत?"

टायरिकनं आधी डावी धरली, मग उजवी. "दोन्ही," तो म्हणाला. "मला आता उठवणार नाही."

बाकावरचे सगळे एकाएकी आकाशाकडे बघायला लागले. कोच डनहॅमनं एकदा त्या काचेच्या खोलीकडे पाहिलं. त्याचीही नोकरी होती, घरदार होतं. मग त्यानं तोंडासमोरचा माइक वर ढकलला आणि म्हणाला, "प्रुडोम, जा."

पहिल्या धावेत चार यार्ड मिळाले. दुसरीत काहीच नाही. तिघांनी मिळून आम्हाला बर्फात गाडलं आणि माझ्या डाव्या कमानीला तडा गेला. तिसऱ्यांदा चेंडू आला तेव्हा समोर फट नव्हतीच. लॅव्हेल भिंतीला भिडला, अडकला, पण पडला नाही. त्याचे पाय चालतच राहिले. मग मागून आमचीच माणसं येऊन त्याला रेटू लागली, आणि तो सगळा घोळका इंच इंच पुढे सरकला. शिट्टी वाजली. पंचांनी जागा नक्की केली. हजार पूर्ण होऊन वर एक यार्ड!

वेन्डेलनं टोपी हवेत उडवली, ती त्याला पुन्हा सापडली नाही. टायरिक सगळ्यांच्या आधी धावत आला, दोन्ही पोटऱ्या ठणठणीत.

इथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

करार वाढला. कागदावर वाढला. पुढची फेरी आम्ही हरलो, आणि वसंतात कोच डनहॅमला काढून टाकलं. नवा कोच आला तो वरच्यांच्या मर्जीतला. आणि पुढचा अख्खा हंगाम त्यांनी लॅव्हेलला बाकावर बसवून ठेवलं. दर रविवारी तो मला चढवायचा, दोऱ्या घट्ट करायचा आणि बसायचा. माझ्यावर चिखलाचा शिंतोडा नाही, गवताचा डाग नाही. टायरिक बाहेर आला की लॅव्हेल त्याला काय चुकलं ते सांगायचा, आणि पुन्हा बाकावर. तिकडे बडी रेडिओवर बोंबलत होता, "फुकटचं खातोय बघा!"

फुकटचं? अहो, पगार वाढवा म्हणून भांडला होता का तो? त्याला चेंडू हवा होता. वर्ष वाढवून दिलं आणि खेळ काढून घेतला, याला वाढवणं म्हणतात?

हंगाम संपल्यावर हॅल्व्हर्सन त्याला बाहेरच्या बोळात भेटला. "आम्ही आता तुझ्याशिवाय पुढे जातोय," एवढंच म्हणाला. दुसऱ्या कुठल्या संघानं विचारलं नाही. वर्षभर न धावलेल्या म्हाताऱ्याला कोण विचारणार? लॅव्हेलनं वेन्डेलकडे फक्त मला मागितलं. वेन्डेल वर विचारून आला.

"क्लबची मालमत्ता आहे म्हणतात," तो म्हणाला.  लॅव्हेलनं त्याला मिठी मारली आणि तो गावी निघून गेला.

मग क्लबच्या डोक्यात आलं की लॅव्हेलचा सत्कार करायचा. मैदानाच्या दालनात काचेची पेटी, आत मी, खाली पितळी पाटी. वेन्डेलला हुकूम झाला, "आधी ते धुऊन काढ, फार वास येतो." त्यानं मला टबात बुडवलं, घासलं आणि तोंडानं शिव्या देत राहिला. मला नाही, त्यांना. इतक्या वर्षांचा घाम, बर्फ, रक्त, सगळं काळ्या पाण्यात वाहून गेलं.

सत्काराला लॅव्हेल आला, सोबत आई, जांभळी हॅट घालून. हॅल्व्हर्सन माइकवर बोलत होता, "लॅव्हेल कायम आमच्या घरचाच राहील." अर्नेस्टीनबाई उठल्या आणि सरळ माझ्याकडे आल्या.

"अहो, हे दार उघडा जरा."

पेटीला अजून कुलूप लावलं नव्हतं. त्यांनी आत वाकून नाक लावलं, आणि हॅल्व्हर्सनकडे वळल्या.

"याला साबणाचा वास येतोय."

"स्वच्छ करून घेतलंय, बाई."

"माझ्या पोराचा वास मी ओळखते. हा त्याचा नाही. तो हवा होता, तर घामासकट घ्यायचा होता तुम्ही. घाम तुमच्यासाठीच गाळत होता ना तो?"

माइक चालूच होता.  हॅल्व्हर्सन हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "आई फार विनोदी आहेत."

"ती विनोद करत नाहीये, ग्रेग," लॅव्हेल म्हणाला. त्यानं आत हात घालून माझ्या तडा गेलेल्या कमानीवर तळवा ठेवला. त्याचं बोट वाकडं जोडलं गेलं होतं, ते मला लागलं. फोटोवाले ओरडत होते, "इकडे बघा, लॅव्हेल, इकडे!" त्यानं बघितलं नाही. आईचा हात धरला आणि दोघं जेवायला निघून गेले. वेन्डेल एकटाच टाळ्या वाजवत राहिला.

त्यालाही काही वर्षं झाली. लॅव्हेल ओपेलूससच्या शाळेत पोरांना शिकवतो, असं वेन्डेल कोणाला तरी सांगताना ऐकलं. उजवा हात आता डोक्याच्या वर जात नाही म्हणे.

आणि आता टायरिकचा करार संपतोय. तोही तिशीला टेकलाय. बडीनं कालपासून त्यावर फोन घ्यायला सुरुवात केलीय. म्हणून टोलिडोकरांनो, तुमच्यापाशी एकच मागणं आहे, क्लबला जाऊन सांगा. त्याला ठेवायचं असेल तर खेळायला ठेवा. नको असेल तर नको म्हणा, पण त्याच्या तोंडावर म्हणा, आणि त्याच्या पायांत धाव आहे तोवर म्हणा, म्हणजे त्याला दुसरं दार तरी ठोठावता येईल. तुम्ही लॅव्हेलसाठी ओरडलात, तेवढ्यावर तरी हे सांगायचा तुमचा हक्क आहे.

पण लवकर सांगा. आज सकाळी सुतार येऊन गेला. माझ्या शेजारी त्यानं एक नवी काचेची पेटी बसवलीय. अजून रिकामी आहे, पण आतला दिवा त्यांनी लावूनही टाकलाय.