खुर्चीतून वाचता येईल असा टीव्ही

मयूर विहारला मेट्रो आली त्याच हिवाळ्यात जगदाळ्यांचा जुना टीव्ही बंद पडला, आणि नवा कोणता घ्यायचा यावरून नवरा-बायकोत गोड भांडण सुरू झालं.

विक्रांतला सिनेमे बघायचे होते. गुडगावच्या ऑफिसातून दमून आला की पडदे ओढायचे, पाय पसरायचे आणि सिनेमा लावायचा, हा त्याचा आराम. त्याला प्लाझ्मा हवा होता. "अंधारातले सीन बघ त्यावर. काळा म्हणजे काळाच दिसतो, राखाडी नाही," असं तो चहा पितानाही सांगायचा. मयुराला गेम खेळायचे होते. कॉलेजच्या हॉस्टेलवर लागलेला नाद नोएडातल्या नोकरीतही सुटला नव्हता. ती खेळायची रविवारी भर दुपारी, बाल्कनीचं दार उघडं टाकून. प्लाझ्माच्या काचेत तिला खेळाडूंपेक्षा दोरीवरचे टॉवेलच जास्त दिसले असते. म्हणून तिला एलसीडी हवा होता.

अण्णांना कुणी विचारलं नव्हतं. विक्रांतचे वडील विलास जगदाळे तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते, आणि इतकी वर्षं तोफांजवळ उभं राहून त्यांचे कान गेले होते. कानात यंत्र घालून समोरासमोर बोललेलं त्यांना कळायचं, पण सिनेमात संगीत आणि बोलणं एकत्र आलं की नुसता गलका ऐकू यायचा. बायको गेल्यावर ते साताऱ्याहून मुलाकडे राहायला आले. संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले की तेही आपल्या वेताच्या खुर्चीत बसत, मांडीवर पेपर घेऊन. पडद्यावर विनोद झाला की अण्णा हसायचे, पण जरा उशिरा. आधी मुलाच्या तोंडाकडे बघायचे, मग सुनेच्या, आणि मग हसायचे. मयुराच्या हे लक्षात आलं होतं.

एका रविवारी तिघं मेट्रोने नोएडाच्या सेक्टर अठराला गेले. टीव्हीच्या दुकानात भिंतभर पडदे लावलेले, आणि बहुतेकांवर तेच हिरवे पोपट उडत होते. रिंकू नावाचा टायधारी सेल्समन पुढे आला. "सर, कलर्स देखिए, एकदम नॅचरल," तो म्हणाला. विक्रांतने त्याला लगेच काळ्या रंगाबद्दल विचारलं, मयुराने बटण दाबल्यावर चित्र किती वेळाने हलतं ते विचारलं, आणि बघता बघता तिघांचा वाद रंगला.

थोड्या वेळाने मयुराने मागे वळून पाहिलं तर अण्णा नव्हते. ते दुकानाच्या दुसऱ्या टोकाला एका पडद्यापुढे उभे होते. तिथे पोपट नव्हते, कुठलासा परदेशी सिनेमा चालू होता आणि खाली इंग्रजीत संवाद उमटत होते. अण्णांचे ओठ हलत होते. मध्येच ते स्वतःशी हसले. आजूबाजूला कुणीच नव्हतं.

मयुरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, म्हणजे त्यांना तिचे ओठ दिसतील. "अण्णा, वाचता येतंय तुम्हांला?"

"येतंय की. हा म्हातारा आपल्याच घरात चोरी करायला निघालाय."

"मग घरी कधी म्हणाला नाहीत, सबटायटल्स लावा म्हणून?"

"घरच्या टीव्हीवर ती मुंग्यांची रांग दिसायची गं. आणि तुम्ही सिनेमा बघता, मध्ये अक्षरं कशाला?"

मयुरा सरळ रिंकूकडे गेली आणि म्हणाली, "भैया, वो पोपटवाली डिस्क निकालो. यही फिल्म दोनों टीव्ही पे लगाओ. और एक कुर्सी मिलेगी?"

घरी टीव्हीपासून अण्णांची खुर्ची जितकी लांब होती, साधारण तितक्या अंतरावर तिने खुर्ची मांडली आणि अण्णांना बसवलं. अण्णा आधी अवघडले, मग तोफेची नेम-तपासणी असावी तशा गांभीर्याने एकेक पडदा न्याहाळू लागले. मोठ्याने वाचूनही दाखवलं. प्लाझ्मावर दुकानाचे दिवे चमकत होते, तिथे ते दोनदा अडले. शेजारच्या एलसीडीवर सरळ वाचत गेले.

विक्रांत हे बाजूला उभा राहून बघत होता. आपले वडील सिनेमातला संवाद वाचून दाखवतायत, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो रिंकूला म्हणाला, "यही पॅक कर दो."

"और ब्लॅक लेव्हल, सर?"

"थोडा राखाडी चालेल मला," विक्रांत मराठीतच म्हणून गेला, आणि रिंकूला काही न कळताही त्याने मान डोलावली.

टीव्ही घरी आला तेव्हा विक्रांतला तो भिंतीवर उंच टांगायचा होता, थिएटरसारखा. मयुराने अण्णांच्या खुर्चीत बसून मान वर करून दाखवली. "दहा मिनिटांत मान धरेल. बुटक्या टेबलावर ठेवू." टेबलावर ठेवला. टीव्हीची पाठ बाल्कनीच्या उन्हाकडे येईल असा कोपरा शोधून सोफा फिरवला, सोफ्यामुळे जेवणाचं टेबल सरकवलं आणि त्यापायी फ्रिजचं दार अर्धंच उघडायला लागलं, तेव्हा पुन्हा सगळं हलवलं. दुपारपर्यंत तिघंही घामेजले होते, बाहेर दिल्लीची थंडी असताना.

मयुराने आधी गेम लावला, आणि तिचा चेहरा पडला. ती बटण दाबायची, फुटबॉलवाला क्षणभर विचार करायचा आणि मग लाथ मारायचा. "हा काय सरकारी नोकर आहे का?" ती वैतागली. रिमोटने सगळ्या सेटिंग्ज धुंडाळल्यावर 'गेम मोड' सापडला. टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवत होता, तो उद्योग त्यातून बंद झाला. आता बोट हललं की पाय हलत होता.

"बघू," अण्णांनी हात पुढे केला. मयुराने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. त्यांच्या खेळाडूने धावत जाऊन स्वतःच्याच माणसाला धडक दिली, आणि कंट्रोलर तळहातात थरथरला. अण्णा दचकले. मग त्यांनी मुद्दाम आणखी एकाला धडक दिली.

"हे बरंय," ते म्हणाले. "हाताला ऐकू येतंय."

पुढचा अर्धा तास त्यांनी एकही गोल केला नाही, पण मैदानात उभा माणूस शिल्लक ठेवला नाही. विक्रांत सोफ्यावर हसून लोळत होता.

संध्याकाळी सिनेमा लावला. चित्र बघून विक्रांत अगदी तृप्त झाला. इतक्यात मयुराने अण्णांकडे पाहिलं. ते पुढे वाकून पडद्याच्या तळाकडे बघत होते. संवादाची वरची ओळ स्वच्छ दिसत होती, पण खालची अर्धी कापली जात होती, जणू कुणीतरी कडेने कात्री चालवली होती. विक्रांतने डिस्क काढून पुसली, पुन्हा घातली, तेच.

"राहू द्या," अण्णा म्हणाले. "वरची ओळ पुरते. खालचं अंदाजाने कळतं." आणि त्यांनी पेपर उचलला.

तो पेपर मयुराला फार लागला. सकाळी ऑफिसची कॅब यायच्या आधी ती पुन्हा रिमोट घेऊन बसली. चित्र मोठं दिसावं म्हणून टीव्ही स्वतःच चारी बाजूंनी थोडं थोडं कापतोय, हे तिला माहितीपुस्तिका वाचून उमगलं. चित्राचा आकार बदलायच्या मेनूत जाऊन तिने तो पर्याय बंद केला. चित्र बोटभर आत आलं, आणि खाली पूर्ण ओळ उभी राहिली. तिने अण्णांना हाक मारली नाही, जाऊन दंडालाच धरून आणलं. अण्णांनी उभ्या उभ्याच दोन्ही ओळी वाचल्या. मग म्हणाले, "तू जा, कॅब थांबलीय. मी बघतो पुढचं." ती संध्याकाळी परतली तोपर्यंत त्यांनी घरातल्या तीन डिस्क संपवल्या होत्या.

शनिवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मी आंटी नवा टीव्ही बघायला आल्या. येताना मुरुक्कूचा, म्हणजे तांदळाच्या चकल्यांचा, डबा आणि एक तमिळ विनोदी सिनेमा घेऊन आल्या होत्या. "आपके लिए सबटायटल्स हैं," त्या अण्णांना म्हणाल्या. त्या दुपारी खोलीत गंमतच झाली. तमिळ फक्त आंटींना येत होतं. विक्रांत आणि मयुरा दोघंही डोळे ताणून खालची ओळ पकडत होते, आणि ओळ वाचेपर्यंत पडद्यावरचा चेहरा निसटत होता.

सिनेमात एक लठ्ठ जावई सासऱ्याचा खोटा दात काजू समजून उचलतो असा प्रसंग आला. जावई नुसता ताटाकडे बघत होता, तोवर अण्णा खो-खो हसायला लागले. आंटी त्यांच्या पाठोपाठ हसल्या. विक्रांतने अण्णांकडे बघितलं, मयुराकडे बघितलं, मग ओळ वाचली आणि शेवटी हसला.

मयुराला हसू आवरेना. ती सिनेमावर हसत होती की नवऱ्यावर, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"अंकलजी, आपको तमिळ आती है?" आंटींनी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं.

"नाही हो," अण्णा डोळे पुसत म्हणाले, मग हिंदीत वळले. "चेहरे से पता चल जाता है. कान नहीं हैं ना, तो बरसों से चेहरे ही पढ़ रहा हूँ. नीचे की लाइन से पक्का हो जाता है."

"मग आम्हांला आधी सांगत जा ना, कुठे हसायचं ते," विक्रांत म्हणाला.

"तू आपलं काळं-राखाडी बघ," अण्णा म्हणाले. विक्रांतने हात जोडले.

मध्यंतरात आंटींनी फिल्टर कॉफीचं नाव काढलं. त्यांच्या घरून पावडर आणायला मयुरा उठली, पण अण्णांनी तिला बसवलं, स्वतः आंटींकडून किल्ली घेतली आणि पायांत चपला सरकवल्या. दारापर्यंत जाऊन ते थांबले, वळले आणि सैन्यातल्या आवाजात म्हणाले,

"मी येईपर्यंत पुढे लावायचा नाही."

विक्रांतने रिमोट टीपॉयवर ठेवला. पडद्यावर लठ्ठ जावई हात वर करून थांबला होता. जिन्यात अण्णांची पावलं भराभर वर चढत होती, आणि खाली तिघं मुरुक्कू खात त्यांची वाट बघत बसले.