दोन खुणांचा चंबू

घरातल्या धाकट्या लेकीला तिचा बाप ‘चौकशी खिडकी’ म्हणायचा. त्याची सगळी नोकरी बस डेपोच्या तिकीट काउंटरवर गेली. शेजारच्या चौकशी खिडकीतला माणूस दिवसभर उत्तरं देऊन वैतागलेला असायचा. ‘आमची खिडकी उलटी,’ बाप म्हणायचा, ‘ही गिऱ्हाइकालाच प्रश्न विचारते.’ धाकटीला याचा कधी राग आला नाही. उलट हे नाव पडलं कधी आणि का, याचीही तिनं एकदा सविस्तर चौकशी केली होती.

मुलाखतीच्या दिवशी मात्र आई दारात आडवी उभी राहिली.

“आज खिडकी बंद ठेवायची. ते विचारतील तेवढंच सांगायचं. कळलं?”

“आणि मलाच काही विचारावंसं वाटलं तर?”

“हे बघ, लागलीच सुरुवात!” आईनं कपाळाला हात लावला. “जीभ चावायची, पण गप्प बसायचं.”

आईचंही बरोबर होतं. धाकटीला रसायनशास्त्राची पदवी मिळाली होती, पुढच्या शिक्षणासाठी संस्थेनं जागाही देऊ केली होती, पण महिनाअखेर फी भरली नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाची झाली असती. मग मामाचं टाइल्सचं दुकान होतंच. मामा चांगला माणूस. काउंटरवर बसवीन म्हणाला होता, वर पंखा लावून देईन असंही म्हणाला होता. त्या पंख्याचा विषय निघाला की धाकटी उठून दुसऱ्या खोलीत जायची. या सगळ्यातून सुटायची एकच वाट होती, ती म्हणजे काचवाल्या काका-काकूंची शिष्यवृत्ती.

हे काका-काकू शहरातल्या प्रत्येक प्रयोगशाळेला ठाऊक होते. काका ज्योतीवर काच फुंकून चंबू, नळ्या, मोजपात्रं करायचे. काकू त्या काचेवर मापाच्या रेघा कोरायच्या. काकूंची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं प्राध्यापक मंडळी म्हणायची. मूलबाळ नव्हतं. जाताना दोघांनी घर, कारखाना, साठवलेलं सगळं एका विश्वस्त निधीला देऊन टाकलं, आणि त्यातून दरवर्षी एका तरुण पदवीधराचं पुढचं शिक्षण व्हावं, असं ठरवलं. काचेवर पोट भरलेल्या जोडप्यानं इतक्या पोरांचं भविष्य बांधावं, याचं धाकटीला फार कौतुक होतं. पण कौतुकाच्या पाठोपाठ प्रश्न आलाच. इतक्या साऱ्या गोष्टी सोडून पदवीधरच का? दवाखाना का नाही, वाचनालय का नाही?

जीभ चावून ती आत गेली.

मुलाखत त्यांच्याच घरी होती. पुढची खोली कार्यालयाची, आणि मधलं दार उघडं असल्यामुळे मागचा कारखाना दिसत होता. बर्नरचे काळवंडलेले ओटे, खुंटीला टांगलेले जाड हातमोजे, भिंतीशी उभ्या केलेल्या काचेच्या लांब नळ्या. टेबलामागे दोघं बसली होती. एक काकांचे धाकटे भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे आणि त्यांच्या नाकावर माशी बसत नसे. दुसरी काकूंची भाची. तीच आता कारखाना चालवायची. तिच्या बोटांवर भाजल्याच्या जुन्या पांढऱ्या खुणा होत्या.

भाऊसाहेबांनी गुण विचारले, घरचं विचारलं, संस्थेतल्या जागेचं विचारलं. धाकटीनं विचारलं तेवढंच सांगितलं. आईनं पाहिलं असतं तर दृष्ट काढली असती.

“आता चंबू,” भाऊसाहेब म्हणाले, आणि जागेवरून उठून त्यांनी काचेचं कपाट उघडलं.

चंबूबद्दल सगळ्या उमेदवारांना आधीच माहीत असायचं. काका-काकूंनी निधीच्या कागदात तशी अटच घातली होती. त्यांच्या हातचा, अर्ध्या लिटरचा एक चंबू उमेदवारानं रेघेपर्यंत भरायचा आणि ते पाणी शेजारच्या मोजपात्रात ओतायचं. बस, एवढंच. भाऊसाहेब उमेदवाराचा हात बघायचे. हात स्थिर आहे का, डोळा रेघेच्या पातळीत येतो का, टेबलावर सांडतं का.

“हा चंबू म्हणजे अचूकपणाचं मूर्तिमंत उदाहरण,” भाऊसाहेबांनी दोन्ही हातांनी तो टेबलावर ठेवला. “बुडाशी दादांचा ठिपका. गळ्याशी वहिनींची बरोबरची खूण. दोघंही स्वतंत्रपणे माप तपासायची, आणि दोन्ही खुणा पडल्याशिवाय एकही भांडं या घराबाहेर गेलं नाही.”

धाकटी उभ्या उभ्याच वाकली, डोळा रेघेशी आणला, शेवटचे थेंब एकेक करून सोडले. मग चंबू तिरका करून पाणी मोजपात्रात ओतलं. थेंबही सांडला नाही. भाऊसाहेब समाधानानं हुंकारले आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले.

आणि धाकटीच्या मनात पाल चुकचुकली.

मोजपात्रातलं पाणी अर्ध्या लिटरच्या रेघेच्या वर होतं. फार नाही, तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढंच. पण वर होतं. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतलं की थोडं पहिल्या भांड्याच्या काचेला चिकटून राहतंच. म्हणजे झालंच तर कमी व्हायला हवं. जास्त कुठून आलं?

“पुन्हा एकदा करू का?” तिनं विचारलं. हा काही प्रश्न नव्हे, परवानगी आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

पुन्हा केलं. पुन्हा तेवढंच वर.

भाऊसाहेब अजून लिहीत होते. भाची खिडकीबाहेर बघत होती. हलकेच मोजपात्र तिरकं करून थोडं पाणी बादलीत सोडलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. हात स्थिर आहे, हे लिहूनही झालं होतं. धाकटीनं खरंच मोजपात्राला हात लावला. मामाच्या दुकानातला पंखा तिच्या डोळ्यांपुढे गरगर फिरला. काका-काकूंच्या घरात उभं राहून काका-काकूंची चूक काढायची म्हणजे आपल्या हातानं आपलं नाव खोडण्यासारखं होतं. गप्प बसणं सोपं होतं. पण ते जास्तीचं पाणी आलं कुठून, हे कळल्याशिवाय तिला रात्री झोप लागली असती का? नाहीच लागली असती.

“भाऊसाहेब,” ती म्हणाली, “या दोन भांड्यांतलं एक चुकीचं आहे.”

भाऊसाहेबांची लेखणी थांबली. “काय म्हणालीस?”

“दोन्ही भांडी काका-काकूंचीच आहेत ना? पण दोन्ही बरोबर असूच शकत नाहीत. मला वाटतं, चंबू जास्त पाणी घेतो.”

“तुझा हात चुकला असेल.”

“दोनदा, आणि दोन्ही वेळा अगदी सारखाच?”

भाऊसाहेब लाल झाले. “मुली, आजवर इतकी हुशार मुलं या टेबलापुढे उभी राहिली. एकानं चकार शब्द काढला नाही. दादा-वहिनींच्या मापाला प्रोफेसर लोक हात जोडायचे, आणि तू कालची पदवीधर...”

“काटा आहे का मागं?” धाकटीनं विचारलं. खिडकी आता सताड उघडली होती, बंद करणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. “रिकामा चंबू तोलू, मग भरून तोलू. अर्धा लिटर पाणी अर्धा किलोच भरायला हवं. पण भरायचा मी नाही, ताईंनी.”

भाची उठली. चंबू कोरडा करून तिनं तो काट्यावर ठेवला, मग स्वतः रेघेपर्यंत भरला, पुन्हा ठेवला. भाऊसाहेब मधल्या दारात हाताची घडी घालून उभे होते. काटा स्थिरावला तशी भाची वाकून बघत राहिली. मग तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

“जास्त आहे,” ती म्हणाली. “चांगलंच जास्त आहे, भाऊसाहेब. मावशीची रेघ चुकलीय.”

भाऊसाहेब पुढे येऊन स्वतः काट्यावर वाकले.

“अहो, पण दोघांच्या खुणा आहेत त्याच्यावर!” भाऊसाहेबांचा आवाज अचानक म्हातारा झाला.

“म्हणूनच,” भाची सावकाश म्हणाली. “काकांनी तपासलंय म्हणून मावशीनं खूण केली असणार. आणि मावशीनं तपासलंय म्हणून काकांनी. एकमेकांवर एवढा भरवसा, की मापलं कुणीच नाही.”

धाकटीला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. असली चूक जन्मभर सोबत राहिलेल्या माणसांनाच जमते.

“पण ताई, एवढ्या वर्षांत बाकीच्यांना कसं दिसलं नाही?”

भाचीनं तिच्याकडे बघितलं, भाऊसाहेबांकडे बघितलं आणि फोन उचलला. गेल्या वर्षीच्या शिष्यवृत्तीवाल्याला तिनं लावला, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

“खरं सांग हं. चंबू ओतलास तेव्हा पाणी रेघेच्या वर आलं होतं?”

पलीकडून पोरगा म्हणाला, “हो ताई. मला वाटलं, माझाच हात चुकला. म्हणून थोडं बादलीत सोडलं. तुम्ही आता शिष्यवृत्ती परत घेणार का?”

त्याच्या आधीच्या वर्षीची मुलगी म्हणाली, “काका-काकू कसे चुकतील? मी आपली मूग गिळून बसले.” तिच्याही आधीचा म्हणाला, की त्यानं चंबू भरतानाच मुद्दाम रेघेच्या जरा खाली थांबवला होता, कारण आदल्या उमेदवाराचं मोजपात्र त्यानं दारातून पाहिलं होतं. एवढी अक्कल वापरली, पण बोलला नाही.

फोन ठेवून भाची म्हणाली, “आणि पहिल्याच वर्षी मीही पाहिलं होतं. मोजपात्र जुनं झालं असेल, असं मनाला समजावलं.”

भाऊसाहेब खुर्चीत बसले. “दादानं शेवटी शेवटी मला बजावलं होतं, चंबू हाच ठेवा, रेघेला हात लावू नका. मला वाटलं, वहिनींची आठवण म्हणून.”

“आठवण वेगळीच होती,” भाची म्हणाली. “आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडतोय. मी इथं नवीन शिकायला आले होते. एक मुलगी आली होती, कॉलेजची. हातात चंबू. म्हणाली, हा जास्त घेतो, त्यामुळे माझे सगळे प्रयोग चुकीचे ठरताहेत. काकांनी बुडाचा ठिपका दाखवला, मावशीनं गळ्याची खूण. म्हणाले, बाळ, दोघांनी तपासलंय, तुझा हात चुकत असेल. ती आली तशी गेली. पुढं तोच चंबू काठ तुटला म्हणून कॉलेजातून दुरुस्तीला आला, मावशीनं सवयीनं तोलला आणि खालीच बसली. दोघं तशीच कॉलेजात धावली. पण ती मुलगी प्रयोगात नापास होऊन शिक्षण सोडून गेली होती. पदवी हाताशी आली होती तिच्या. तो चंबू त्यांनी फोडून टाकला असेल, असं मी आजवर समजत होते. पण हाच तो.”

धाकटीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दवाखाना का नाही, वाचनालय का नाही, ते आता विचारायची गरज नव्हती. दरवर्षी त्या दोघांनी तीच मुलगी पुन्हा बोलावली होती, आणि दरवर्षी ती गप्प बसून निघून जात होती.

“मग आपल्याला सांगून का नाही गेले?” भाऊसाहेब पुटपुटले.

“सांगितलं असतं तर तुम्ही चिडला असतात का?” धाकटीनं विचारलं. “आणि चिडलेल्या माणसापुढे बोलायलाच तर धीर लागतो.”

भाची तोंडावर हात धरून हसली. भाऊसाहेबांच्या कपाळावर आधी आठ्या पडल्या, मग त्या हळूहळू सैल झाल्या. त्यांनी समोरचा कागद ओढला, ‘हात स्थिर’ या शब्दांच्या खाली धाकटीचं नाव लिहिलं आणि सही केली. कागद भाचीकडे सरकवला. भाचीनं सही करायच्या आधी तो नीट वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

“जागा सोडू नकोस,” भाऊसाहेब म्हणाले. “फी या आठवड्यात भरली जाईल.”

धाकटीचे डोळे भरले. आईला काय सांगायचं, हे तिला कळेना.

“पुढच्या वर्षी हाच चंबू ठेवायचा,” भाचीनं तो पुसून कपाटात ठेवला. “आणि भाऊसाहेब, पुढच्या वर्षीही तुम्ही असंच चिडायचं.”

“ते मला जमेल,” भाऊसाहेब म्हणाले. मग त्यांचं लक्ष गेलं की पोर आल्यापासून उभीच आहे. त्यांनी उठून स्वतः खुर्ची ओढली. “बस, बाळ. आणखी काही विचारायचं राहिलंय का तुझं?”

ती बसली.

“ती मुलगी आता कुठं असते?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. “काकांनी तेव्हा खूप शोधलं होतं,” भाची म्हणाली. “सापडली नाही.”

“ते तेव्हा. त्यानंतर कुणी शोधलं का?”

कुणीच शोधलं नव्हतं. काका-काकूंनी शोधलंय म्हटल्यावर पुन्हा कोण शोधणार? भाऊसाहेब क्षणभर कपाटातल्या चंबूकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन आपल्याकडे ओढला आणि भाचीला कॉलेजचा नंबर विचारला.