त्यांचे देवदूत

आमच्या बेटावरच्या गावात पांढऱ्या रविवारी मुलं मोठ्यांच्या आधी जेवतात आणि चर्चमध्ये मोठ्यांना गप्प बसवतात. ऑक्टोबरातला तो दिवस त्यांचाच. प्रत्येक मुलाने पवित्र शास्त्रातलं एक वचन पाठ म्हणायचं. ती वचनं चिठ्ठ्यांवर लिहून वाटायचं काम पाळकाच्या बायकोचं, म्हणजे माझं. माझं अक्षर सुंदर आहे आणि मला त्याचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकते.

त्या वर्षी मी चिठ्ठ्या मे महिन्यातच वाटल्या. सालिलोच्या लेकीला, सिएनीला, येशूचं एक वचन दिलं. या लहानांना तुच्छ लेखू नका, कारण त्यांचे देवदूत स्वर्गात पित्याचं मुख नेहमी पाहत असतात, असं ते वचन. सिएनी सहा वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेले. वचन म्हणताना तिची थुंकी उडायची आणि मग तिलाच हसू यायचं.

जूनच्या सुरुवातीला तिला ताप भरला. सालिलो आठ दिवसांची बाळंतीण. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला. शेवटी दिराने पोरीला गाडीत घातलं आणि पलीकडच्या बेटावरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला म्हणून नौकेच्या धक्क्यावर आणलं. नौकेची वाट बघता बघता ती तिथेच गेली. सालिलोच्या हाती परत आलं ते चटईत गुंडाळलेलं लेकरू.

सालिलो रडली नाही. सगळा गाव गात होता, बाया ऊर बडवत होत्या, आणि ही कोरड्या डोळ्यांनी बसून होती. काय हिची श्रद्धा, असं सगळे म्हणाले. सगळ्यात मोठ्याने मी म्हणाले. पोरीला घरासमोर पुरलं. संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की सालिलो बाळाला मांडीवर घेऊन थडग्याकडे तोंड करून बसायची आणि शेवटी सिएनीलाच सांगायची, बाळाकडे लक्ष ठेव म्हणून. मी ते ऐकलं होतं. वेड्या मायेचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं.

सप्टेंबर संपता संपता ती माझ्याकडे आली. थडग्यावर फरशी बसवायची होती आणि त्यावर सिएनीचं वचन कोरायचं होतं. गवंड्याला मोठ्या अक्षरात लिहून हवं होतं. तिने माझीच चिठ्ठी माझ्यापुढे धरली. मी वाचली, मग पुन्हा वाचली.

आमच्या भाषेत दोन शब्दांची जागा बदलली की ‘त्यांचे देवदूत’चं ‘ते देवदूत आहेत’ होतं. घाईत मी तेच लिहून बसले होते.

“लोक उगाच समजूत घालायला म्हणतात, पोर देवदूत झाली,” सालिलो म्हणाली. “माझ्याकडे तर शास्त्रातलं वचन आहे, पाळकीणबाई. तुमच्याच हातचं.”

उद्या लिहून देते म्हणाले मी. खरं सांगायचा धीर झाला नाही.

माझा नवरा एलिसाया चुलीपाशी कोको कुटत होता. त्याला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, राहू दे ना तसंच, कुणाचं काय बिघडतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मुसळ खाली ठेवलं आणि शांतपणे समजावलं. देवदूत कधी माणूस नव्हते आणि माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. देवाने त्यांना वेगळं घडवलं, माणसांची सेवा करायला पाठवलं. प्रेषित योहान देवदूताच्या पाया पडायला गेला तर देवदूतानेच त्याला थांबवलं, मीही तुझ्यासारखा चाकर, देवाच्या पाया पड म्हणाला. आणि इथे ही बाई पोरीकडे मागणं मागतेय. मग त्याने विचारलं, मी जाऊन सांगू का? सुटकेची वाट होती ती. पण अक्षर माझं होतं.

सकाळी गेले तेव्हा सालिलो चटई विणत बसली होती, बाळ शेजारी झोपलेलं. मी आडवळण घेतलं नाही. मी चुकीचं लिहिलं, खरं वचन असं आहे, सिएनी देवदूत झालेली नाही, असं सरळ सांगून टाकलं.

तिचे हात थांबले नाहीत. “मग ती तिथे कोण आहे?”

“सिएनीच आहे. तुझी सिएनी. येशूजवळ.”

“आणि देवदूत?”

“तो तिचा. तिच्यासाठी असलेला. येशूने एका भिकाऱ्याची गोष्ट सांगितली आहे. तो मेला तेव्हा देवदूतांनी त्याला उचलून पूर्वज अब्राहामाच्या उराशी नेऊन ठेवलं.”

“म्हणजे धक्क्यावर तो होता.”

“होता.”

“मग वाचवलं का नाही त्याने?”

चर्चमध्ये मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर सुचतं. तिथे मात्र मला माहीत नाही म्हणाले, शास्त्र ते सांगत नाही. ती विणत राहिली. पाती एकमेकांत चुकीची जाऊ लागली तरी तिला दिसेना.

“देवदूताला आई नसते ना?” तिने विचारलं.

“नसते.”

“तेच मी मनाला सांगत होते. ती आता माझी नाही, देवदूत आहे. देवदूतासाठी कोण रडतं?” आता तिने माझ्याकडे पाहिलं. “चार महिने, बाई. तुमच्या चिठ्ठीपायी मी माझ्या लेकरासाठी चार महिने रडले नाही.”

मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने तो झटकला आणि तिने तो झटकायलाच हवा होता. मग ती त्या अर्ध्या चटईवर पालथी पडली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या घरांतल्या बाया धावत आल्या. बाळ दचकून उठलं. मी त्याला उचलून घेतलं. तिने घेऊ दिलं. एक बाई मला कुजबुजत विचारू लागली, काय झालं, कोण गेलं?

मी म्हणाले, “सालिलोची मुलगी गेली.”